विमानाचा आकार वाचताना

शाळकरी वयात मी हाताने जोडलेले पहिले मोठे मॉडेल एफ-४ फँटम या लढाऊ विमानाचे होते. १:७२ प्रमाणातले ते प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीतून कापून काढत असताना पंखाच्या खालच्या बाजूचा अखंड तुकडा हातात आला आणि तो कुठेतरी उष्णतेने वाकला असावा, अशी माझी खात्रीच झाली. मधला भाग सपाट होता आणि दोन्ही टोके मात्र एका ठरावीक रेषेपासून वर उचललेली होती. मी तो तुकडा गरम पाण्यात बुडवला आणि टोके हलक्या हाताने खाली दाबू लागलो. एक टोक जवळजवळ सरळ झाल्यावर सोबतच्या कागदावरचे समोरून काढलेले रेखाचित्र सहज पाहिले, तर त्यातही टोके तशीच वर उचललेली होती आणि शेपटीचे आडवे पंख उलट खाली झुकलेले होते. बिघडलेले काहीच नव्हते. विमानच तसे होते.

त्या वाकड्या टोकांचे कारण कळायला पुढे बरीच वर्षे गेली. मॅकडोनेल कंपनीच्या अभियंत्यांनी फँटमचा पंख आधी सपाट आखला होता. विंड टनेलमधल्या चाचण्यांत असे दिसले की विमान एका बाजूला कलल्यावर स्वतःहून सावरण्याची त्याची प्रवृत्ती कमी पडते आहे. त्यासाठी सबंध पंखच मुळापासून थोडा वर उचलायला हवा होता. पण पंखाचा मधला भाग हा त्या विमानाचा कणा होता आणि तो बदलायचा म्हणजे आराखड्याची मांडणी पुन्हा पहिल्यापासून करायची. विमानवाहू जहाजावर जागा कमी लागावी म्हणून पंखांची टोके बिजागरीवर दुमडणारी होतीच. तेव्हा अभियंत्यांनी मधल्या भागाला हात लावला नाही. बिजागरीपलीकडची टोके तेवढी १२ अंशांनी वर उचलली आणि एकूण हिशेब जुळवून घेतला. शेपटीचे पंख २३ अंशांनी खाली झुकवले, ते नाक बरेच वर उचललेले असतानाही त्यांचा अंमल टिकावा आणि तरीही ते इंजिनांच्या तप्त झोतात सापडू नयेत म्हणून. २७ मे १९५८ रोजी हे विमान पहिल्यांदा उडाले आणि पुढे अशी ५,००० हून अधिक विमाने बनली.

तेव्हापासून लष्करी विमानाकडे पाहण्याची माझी एक रीत ठरून गेली. वेग, उंची, पल्ला, शस्त्रसंभार हे आकडे मी आजही आवडीने वाचतो; पण नजर आधी जाते ती आकारातल्या एखाद्या खटकणाऱ्या जागेकडे, जिथे रेषा अकारण मोडल्यासारखी, फुगल्यासारखी किंवा तिरपी गेल्यासारखी वाटते. रचनाकाराला हवे ते सगळे एका विमानात कधीच मिळत नाही. कशाचा हट्ट धरला आणि त्यापायी कशावर पाणी सोडले, याची नोंद त्या जागी उमटलेली असते, आणि ती वाचता येऊ लागली की विमान पाहण्याचा आनंद कितीतरी वाढतो.

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर सुंदर आहे याबद्दल सहसा दुमत आढळत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे पाहताना मला अधिक सावध राहावेसे वाटते. त्या विमानाच्या लंबवर्तुळाकार पंखांवर इतके प्रेमाने लिहिले गेले आहे की ते केवळ डोळ्यांना सुख व्हावे म्हणून काढले असावेत असा कुणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात सुपरमरीन कंपनीत आर. जे. मिचेल आणि त्यांचे वायुगतिकीतज्ज्ञ बेव्हर्ली शेनस्टोन यांच्यासमोर अगदी रोखठोक अडचण होती. वेगासाठी पंख शक्य तितका पातळ हवा होता. आणि त्याच पातळ पंखात आत मिटणारी चाके, त्यांच्या पलीकडे मशिनगन आणि गोळ्यांच्या पेट्या मावायला हव्या होत्या. सरळ निमुळता होत जाणारा पंख टोकाकडे लवकर अरुंद होतो आणि त्याबरोबर आतली जागाही आटते. लंबवर्तुळाची रुंदी मात्र मुळापासून बऱ्याच अंतरापर्यंत टिकून राहते आणि मग टोकाशी झपाट्याने कमी होते. हवेचा रोध कमी होण्याच्या दृष्टीने हा आकार उत्तम, हे पाठ्यपुस्तकी कारण खरेच आहे. परंतु माझ्या मते त्या पंखाचे खरे वैभव त्याच्या पातळपणात आहे, आणि लंबवर्तुळ हा तो पातळपणा साधण्याचा मार्ग होता.

त्या पंखात डोळ्यांना सहज न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. मुळापासून टोकाकडे जाताना तो किंचित पिळलेला आहे, सुमारे अडीच अंशांनी. त्यामुळे वळण फार आवळले आणि पंखावरचा हवेचा प्रवाह सुटू लागला, तर तो आधी मुळापाशी सुटतो. विमान थरथरू लागते आणि टोकाकडची नियंत्रणे मात्र अजून हाताशी असतात. वैमानिकाला ती थरथर म्हणजे आगाऊ सूचना असे. या सगळ्याची किंमत कारखान्याने मोजली. दुहेरी वक्रतेचे पत्रे घडवणे जिकिरीचे होते आणि सुरुवातीच्या विमानांना बराच उशीर झाला. जमिनीवरही किंमत होतीच: चाके पंखाच्या मुळाशी बांधून बाहेरच्या बाजूला मिटवल्यामुळे दोन चाकांमधले अंतर कमी राहिले आणि हवेत इतके डौलदार असणारे विमान धावपट्टीवर अडखळत चाले. ५ मार्च १९३६ रोजी ईस्टली येथे पहिले उड्डाण झाले, आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये वयाच्या ४२व्या वर्षी कर्करोगाने मिचेल गेले. २०,००० हून अधिक स्पिटफायर बनले. ते हवाई दलात दाखल झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मॉडेल जोडणाऱ्याला मॉस्किटो या त्याच युद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरबद्दल खास जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये विमानाचे धड नाकापासून शेपटीपर्यंत उभे चिरल्यासारखे दोन अर्ध्यांत मिळते. आधी आतला कॉकपिट रंगवून एका अर्ध्यात बसवायचा आणि मग दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवायचे. खरा मॉस्किटो अगदी असाच बनत असे. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा थर मध्ये आणि दोन्ही बाजूंना बर्च लाकडाचे पातळ प्लायवूड, असे तिहेरी कवच साच्यावर वाकवून चिकटवले जाई. धडाचे दोन अर्धे उघडे असतानाच त्यांत तारा, नळ्या आणि नियंत्रणाचे दोर बसवले जात, आणि मग शिंपले मिटावे तसे ते जोडले जात. बंद धडात वाकून, हात आखडून काम करण्याची वेळ कामगारांवर कमी येई. धातूला युद्धकाळात प्रचंड मागणी होती, पण फर्निचर आणि पियानो बनवणारे कुशल हात मोकळे होते. जेफ्री डी हॅव्हिलंड यांच्या कंपनीने ही संधी नेमकी हेरली.

तरीही लाकूड हा मॉस्किटोच्या रचनेतला सर्वांत धाडसी भाग नव्हता. त्या काळी बॉम्बर म्हटला की त्यावर बंदुकांचे फिरते मनोरे, ते चालवणारे गोलंदाज, त्यांचे वजन आणि ते वजन पेलण्यासाठी आणखी मोठी इंजिने, असे चक्र ठरलेलेच होते. डी हॅव्हिलंडच्या अभियंत्यांनी ते चक्र उलटे फिरवले. बचावाची बंदूकच ठेवायची नाही, म्हणजे गोलंदाज नको. माणसे दोनच, म्हणजे धड सडपातळ. आणि दोन मर्लिन इंजिनांच्या बळावर विमान इतके वेगवान करायचे की पाठलाग करणारा मागेच राहील. अनेक अधिकाऱ्यांना हे वेडेपण वाटले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिला नमुना उडाला आणि चाचण्यांत त्याने ताशी ६०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. बॉम्बर म्हणून जन्मलेले हे विमान पुढे टेहळणीला, रात्रीच्या लढाईला आणि जहाजांवरच्या हल्ल्यांनाही चालले, आणि ७,७८१ मॉस्किटो बनले. उष्ण आणि दमट प्रदेशांत त्याच्या चिकट जोडांनी दगा दिल्याच्या घटना घडल्या, हेही त्याच लाकडाच्या हिशेबात मांडावे लागते. एखादी गोष्ट काढून टाकल्याने विमान अधिक समर्थ होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या उलट टोकाला मी हॅरियर या ब्रिटिश जेट लढाऊ विमानाला ठेवतो, कारण तिथे एकाच गोष्टीचा हट्ट इतका मोठा होता की बाकी सगळे विमान तिच्याभोवती रचावे लागले. धावपट्टीवाचून उभे वर उठायचे आणि उभेच खाली उतरायचे, हा तो हट्ट. फ्रेंच अभियंता मिशेल विबो यांच्या मूळ कल्पनेवरून ब्रिस्टल कंपनीत पेगॅसस इंजिन आकाराला आले. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून फिरती चार तोंडे होती. ती मागे वळवली की विमान पुढे जाई आणि खाली वळवली की इंजिनाच्या झोतावर तोलून राही. कॉकपिटमध्ये त्यासाठी एकच जादा दांडा होता, आणि त्या साधेपणाचे मला आजही अप्रूप वाटते. इंजिनातले दोन फिरते संच एकमेकांच्या उलट दिशेने फिरवले गेले, नाहीतर भोवऱ्यासारख्या परिणामामुळे तरंगणारे विमान आवरणे कठीण झाले असते. विमान तरंगत असते तेव्हा पंखावरून हवाच वाहत नाही, म्हणून नेहमीचे सुकाणू निरुपयोगी ठरते. तेव्हा नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांपाशी हवेचे लहान फवारे ठेवून तोल साधला. २१ ऑक्टोबर १९६० रोजी पी.११२७ हा त्याचा पूर्वज दोरांनी जमिनीला बांधलेल्या स्थितीत पहिल्यांदा तरंगला.

हॅरियरची किंमत त्याच्या शरीरात जागोजाग दिसते. झोताचा आधार विमानाच्या गुरुत्वमध्याभोवती हवा, म्हणून इंजिन अगदी मध्यावर बसवले. त्याला भरपूर हवा हवी, म्हणून कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखी भली मोठी तोंडे आली. चार झोत दोन्ही बाजूंनी सुटणार, म्हणून चाके धडाखाली एकामागे एक आणि तोल सावरायला पंखांच्या टोकांना दोन बारीक चाके. मेकॅनिकच्या वाट्याला याहून मोठी किंमत आली. इंजिन बदलायचे झाले तर आधी सबंध पंख उचलून बाजूला ठेवावा लागे.

आता ज्या विमानाबद्दल लिहिताना मला स्वतःला आवरावे लागते त्याकडे येतो. अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीच्या स्कंक वर्क्स या विभागात केली जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान २२ डिसेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडाले. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने, २५ किलोमीटरच्या आसपास उंचीवरून, तासन्‌तास उडायचे हे त्याचे काम होते. काही क्षण तेवढा वेग गाठणे आणि त्याच वेगात राहायला जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने बाहेरचा पत्रा ३०० अंश सेल्सियसच्या वर तापतो आणि ॲल्युमिनियमची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून विमानाचा सुमारे ८५ टक्के भाग टायटॅनियमचा करावा लागला, आणि एवढा मोठा टायटॅनियमचा सांगाडा घडवण्याची विद्या त्या वेळी कुणापाशीच तयार नव्हती.

ती विद्या कशी कमावली गेली याच्या हकिकती मला विमानाच्या विक्रमांपेक्षा अधिक आवडतात. कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्यांनी आवळलेले बोल्ट तापल्यावर कमकुवत होऊन तुटत, म्हणून तसे पाने शोधून शोधून अवजारांच्या पेट्यांतून काढून टाकावे लागले. उन्हाळ्यात बनलेल्या पत्र्यांचे जोड लवकर खराब होतात आणि हिवाळ्यातले टिकतात, हे कोडे उलगडले तेव्हा कारण निघाले नळाच्या पाण्यात: शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात त्या शहराच्या पाण्यात क्लोरीन अधिक घातले जाई आणि भाग धुताना तेच टायटॅनियमला बाधत असे. पंखाच्या काही भागावरचा पत्रा मुद्दाम पन्हाळीसारखा केला, कारण सपाट पत्रा तापून प्रसरण पावताना सुरकुतला किंवा फाटला असता. टाक्यांचे जोड जमिनीवर पूर्ण घट्ट बसत नसत आणि उभ्या विमानाखाली इंधनाची थारोळी साचत. उडताना विमान तापून काही इंच लांबले की फटी मिटत. ते इंधनही असे की पेटती काडी टाकली तरी सहज पेटू नये. त्यामुळे इंजिन सुरू करायला ट्रायइथाइल बोरेन नावाचे, हवेशी गाठ पडताच पेट घेणारे रसायन लागे, आणि त्या क्षणी मागून हिरवी ज्वाला झळकून जाई.

या विमानाच्या आकारात मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहतो ते दोन इंजिनांच्या तोंडाशी असलेले टोकदार सुळके. वेग वाढत जाई तसे ते हळूहळू मागे सरकत, एकूण सुमारे ६६ सेंटीमीटर. ध्वनीच्या तिप्पट वेगाने येणारी हवा इंजिनाला तशीच देता येत नाही. तिला आधी मंद करून, दाबून आत घ्यावे लागते, आणि ते काम सुळक्याच्या टोकापासून निघणारी आघातलहर, म्हणजे हवेतली दाबाची तीव्र लहर, नेमक्या जागी धरून ठेवण्याने साधते. लहर निसटली तर एका इंजिनाचा जोर क्षणात नाहीसा होऊन विमान असे हिसडे की वैमानिकाचे शिरस्त्राण काचेवर आपटे. काळा रंगसुद्धा दिमाखासाठी नव्हता. तो उष्णता बाहेर टाकायला मदत करी. अशी ३२ विमाने बनली, त्यांपैकी १२ अपघातांत गेली, आणि शत्रूच्या हाती पडले किंवा पाडले गेले असे एकही नाही. ६ मार्च १९९० रोजी संग्रहालयाकडे जातानाच्या उड्डाणात त्यांपैकी एकाने लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन हे अंतर ६४ मिनिटे २० सेकंदांत कापले.

आता दुसरी बाजू. या विमानांसाठी लागलेल्या टायटॅनियमचा मोठा भाग आडमार्गाने, मध्यस्थ कंपन्यांमार्फत, सोव्हिएत संघातून विकत घेतला गेला होता. आणि ज्या देशाच्या भूमीतून तो धातू निघाला, त्या देशाने आपले सर्वांत वेगवान लढाऊ विमान मात्र पोलादाचे बनवले. मिग-२५ पहिल्यांदा उडाले ६ मार्च १९६४ रोजी. त्याच्या सांगाड्यात सुमारे ८० टक्के निकेलयुक्त पोलाद होते, टायटॅनियम अगदी गरजेपुरते. टायटॅनियमचे पातळ पत्रे वेल्डिंग करताना तडकतात. पोलाद जड खरे, पण त्याचे वेल्डिंग नेहमीच्या कारखान्यातल्या कुशल कामगारांना येत होते आणि जोड बिघडला तर तळावरही दुरुस्त करता येत होता. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेंको हा वैमानिक असे एक विमान घेऊन जपानमध्ये हाकोदाते येथे उतरला, आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ते सुटे करून पाहिले तेव्हा त्यांना पोलाद, जिथे हवेला फारसा अडथळा होत नाही तिथे वर आलेली रिव्हेटची डोकी आणि रडारमध्ये निर्वात नळ्या आढळल्या. अनेकांनी तेव्हा त्याला ओबडधोबड ठरवले. मला ते मत पटत नाही. जिथे गुळगुळीतपणाने काही साधत नाही तिथे त्यावर श्रम खर्च न करणे हेही रचनेतले शहाणपणच आहे. मिग-२५ला वेगाची सर्वोच्च मर्यादा मॅक २.८३, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या २.८३ पट, इतकी घातलेली होती आणि त्यापुढे रेटले तर इंजिने निकामी होण्याची भीती असे, ही त्याची किंमत; पण ते शेकड्यांनी बनले, आणि ब्लॅकबर्ड मात्र मोजकेच राहिले. दोन्ही रेखाचित्रे मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा एकच प्रश्न दोन वेगळ्या घरांत कसा सोडवला गेला हे समोर दिसते.

सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेली आणखी एक वस्तू धातूपेक्षाही मोलाची ठरली, आणि ती उघडपणे छापलेली होती. प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ साली विद्युतचुंबकीय लहरी कडांवरून कशा विखुरतात याचे गणित प्रसिद्ध केले. लॉकहीडमधले गणितज्ञ डेनिस ओव्हरहोल्सर यांना त्यात रडारवर जवळजवळ न दिसणाऱ्या विमानाची किल्ली सापडली. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचा हिशेब झेपत नव्हता, सपाट पृष्ठांचा झेपत होता. म्हणून एफ-११७ हे विमान हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट तुकड्यांचे झाले. हवेला तो आकार मुळीच रुचणारा नव्हता आणि संगणकाच्या सततच्या मदतीवाचून ते विमान हवेत धड राहिले नसते. पुढच्या पिढीचे संगणक आले, वक्रता हिशेबात बसू लागली, आणि १७ जुलै १९८९ रोजी उडालेल्या बी-२ या बॉम्बरमध्ये कडा वितळून एकच अखंड वाहता पंख उरला. जॅक नॉर्थ्रॉप यांनी आयुष्यभर अशाच शेपटीवाचूनच्या पंखाचा ध्यास घेतला होता. त्यांचे तशाच आकाराचे वायबी-४९ हे विमान सरकारने नाकारले होते. १९८० साली, ते वृद्ध आणि आजारी असताना, खास परवानगी काढून त्यांना या गुप्त विमानाचे छोटे मॉडेल दाखवण्यात आले. दोन्ही विमानांच्या पंखांचा विस्तार एकच आहे, १७२ फूट. दुसऱ्या वर्षी नॉर्थ्रॉप गेले.

जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या ए-१० या अमेरिकी विमानाला देखणे म्हणायला मीही धजत नाही, पण त्याच्यावर माझे मन आहे. १० मे १९७२ रोजी पहिल्यांदा उडालेले हे विमान सात नळ्यांच्या ३० मिलिमीटर तोफेभोवती रचले आहे. समोरून नीट पाहिले तर नाकाचे चाक मध्यरेषेवर नाही, विमानाच्या उजव्या बाजूला सरकलेले दिसते. कारण तोफ किंचित डावीकडे बसवलेली आहे, आणि तीही अशासाठी की फिरत्या सात नळ्यांपैकी गोळी सोडणारी नळी त्या क्षणी नेमकी मध्यरेषेवर असावी. नाहीतर प्रत्येक माऱ्याबरोबर विमानाचे नाक एका बाजूला ओढले गेले असते. इंजिने शेपटीपाशी उंचावर आहेत, म्हणजे खडबडीत धावपट्टीवरचा कचरा आत जात नाही आणि त्यांची उष्णता खालून लपते. मिटलेली चाके निम्मी बाहेरच राहतात, म्हणजे ती उघडली नाहीत तरी विमान त्यांच्यावर टेकता येते. बरेच भाग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना चालतात. वैमानिकाभोवती टायटॅनियमची सुमारे ५४० किलोची टबासारखी पेटी आहे. ७ एप्रिल २००३ रोजी बगदादवर मार खाल्लेले आणि हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण गमावलेले ए-१० किम कॅम्पबेल यांनी नुसत्या हाताच्या ताकदीवर, दोर आणि दांड्यांच्या आधाराने परत आणून उतरवले. ते विमान परत येण्यासाठीच घडवलेले होते आणि ते परत आले.

इथे मला एक गोष्ट लपवायची नाही. ज्या बारकाईने ती पेटी एका माणसाला जपते, त्याच बारकाईने ती तोफ समोरच्या माणसांना मारते, आणि दोन्ही एकाच आराखड्याच्या रेषा आहेत. रेखाचित्रावर समोरचा माणूस कुठेच काढलेला नसतो. लष्करी विमानांवर प्रेम करणाऱ्याने हे स्वतःशी स्पष्ट मान्य करावे असे मला वाटते. मी ते मान्य करतो, त्याने मला अस्वस्थ वाटते, आणि तरीही त्या तिरक्या चाकाच्या जागेतले नेमकेपण पाहून होणारा आनंद खोटा नसतो. या दोन भावना माझ्यात कधी एकमेकींत मिसळल्या नाहीत. त्या शेजारी शेजारी राहतात.

ज्या विमानापाशी त्या सर्वांत जवळ येतात ते म्हणजे बी-५२. त्याची कथा एका हॉटेलच्या खोलीतली आहे. ऑक्टोबर १९४८ मध्ये बोईंगचे काही अभियंते डेटन या शहरात टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या इंजिनांच्या, बॉम्बरचा आराखडा घेऊन आले होते. हवाई दलाच्या कर्नलने तो बाजूला सारला आणि जेटचे काय ते सांगा म्हणून परत पाठवले. अभियंत्यांनी शनिवार-रविवार हॉटेलात बसून नवे विमान मांडले: ३५ अंशांनी मागे वळलेले लांब पंख आणि त्यांखाली जोडीजोडीने आठ इंजिने. जॉर्ज शायरर यांनी दुकानातून बाल्सा लाकूड, गोंद आणि रंग आणून सुमारे ३६ सेंटीमीटर लांबीचे मॉडेल कोरले. सोमवारी टंकलिखित ३३ पानांचा प्रस्ताव आणि ते मॉडेल टेबलावर होते. १५ एप्रिल १९५२ रोजी विमान उडाले. १९६२ पर्यंत ७४४ बनली, आणि त्यांतली शेवटच्या पिढीची आजही सेवेत आहेत. हनोईवर डिसेंबर १९७२ मध्ये याच विमानांनी बॉम्ब टाकले. लाकूड कोरण्याचा छंद मलाही आहे आणि गोंदाचा तो वास माझ्या ओळखीचा आहे, म्हणून त्या खोलीतल्या टेबलाचा विचार माझ्या मनातून सहज जात नाही.

सध्या माझ्या टेबलावर त्याच विमानाचे मॉडेल अर्धवट जोडलेले आहे. खऱ्या विमानाचा पंख ५६ मीटरहून लांब आणि इतका लवचीक आहे की इंधनाने भरल्यावर त्याची टोके खाली झुकतात आणि टोकांपाशी बसवलेली लहान चाके जमिनीला टेकतात. मुख्य चाके धडाखाली पुढे-मागे आहेत आणि बाजूने वारा असला तर ती २० अंशांपर्यंत वळवता येतात, म्हणजे विमान नाक वाऱ्याकडे ठेवून तिरपे धावू शकते. प्लॅस्टिकचा पंख झुकत नाही. तो उभ्या विमानाचा दाखवायचा की उडत्या विमानाचा हे जोडण्याआधीच ठरवावे लागते, आणि दुसऱ्यांदा मी गरम पाण्याचे भांडे समोर घेऊन बसलो आहे, या वेळी रेखाचित्र आधी पाहून. टोके किती खाली घ्यायची याची खूण मी पुठ्ठ्यावर करून ठेवली आहे. बी-५२च्या उड्डाणाची चित्रफीत त्यासाठी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. विमान नाक वर करत नाही, आडवेच धावत राहते; वेग वाढतो तशी आधी टोकांची चाके जमीन सोडतात, मग लांबच लांब पंख दोन्ही बाजूंनी हळूहळू वर कमानतात, आणि धडाखालची चाके अजून धावपट्टीवर फिरत असतात तेव्हा पंख उडू लागलेले असतात.